तिसऱ्या कडव्यानंतर

नाही गं पोरी, माईक नाही इथे. कधी नव्हताच. चव्वेचाळीस खुर्च्या, दोन खिडक्या आणि खाली पब — एवढ्याशा माडीला माईक कशाला? तू नुसती कुजबुजलीस तरी शेवटच्या रांगेतल्या विल्फला ऐकू जातं, आणि विल्फ एका कानाने ठार बहिरा आहे! गिटार ठेव ना खाली. तिथे नको, खिडकीतून पाणी येतं. हां, इकडे. लीड्सहून बसने आलीस? मग बस जरा. लोक यायला तास आहे अजून.

भीती वाटते म्हणतेस? वाटणारच. मोठ्या हॉलमध्ये गायलीस ना तू, कॉलेजात? तिथे सोपं असतं — डोळ्यांवर दिवे, समोर नुसता काळोख, आणि काळोखाचं तोंड वाकडं झालेलं कुणाला दिसतंय? इथे सगळं दिसतं. पोस्टातली डोरीन पहिल्या रांगेत बसते. गाणं आवडलं की ओठ मुडपते, नाही आवडलं तरी मुडपते — तू मनावर घेऊ नकोस. एनिड म्हणायची, इथे गाणं म्हणजे शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभं राहून मनातलं बोलून टाकणं. एनिड म्हणजे माझी बायको. ही खोली आम्हीच सुरू केली — दर गुरुवारी, सत्तावीस वर्षं. ती गायची, मी वाजवायचो.

नाही, आता ती येत नाही. टेकडीवरच्या त्या घरात असते, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथे. आणि मी? मी कुठला वाजवतोय — मी आपला खुर्च्या लावतो, दार उघडतो, तुझ्यासारख्यांना गायला बोलावतो. बोटं धरतात ना, संधिवात. वयच झालं.

बोटांना काही झालेलं नाहीये. उगीच सांगितलं. सगळ्यांना तेच सांगतो, तोंडात बसलंय.

त्याचं काय झालं — नको, तुला आज गायचंय, तुला कशाला — पण आता निघालंच तोंडातून. सहा वर्षं झाली. फेब्रुवारी होता, बर्फ पडलेला, तरी खोली भरलेली. एनिड माझं गाणं गात होती. म्हणजे मी लिहिलेलं, तिच्या आईवर — कापडगिरणीत उभा जन्म काढलेली बाई. नऊ कडवी. शेकडो वेळा गायलेली. तिसरं कडवं संपलं आणि ती थांबली. मला वाटलं, श्वास घेतेय. मी वाजवत राहिलो — एक फेरी, दुसरी फेरी — तिचं आपलं हसू तसंच, आणि माझ्याकडे बघतेय. कसं बघत होती सांगू? रस्ता ओलांडताना लहान मूल आईच्या हाताकडे बघतं ना, तसं. मला एवढंच करायचं होतं — पुढची ओळ पुटपुटायची. माझीच ओळ! मीच लिहिलेली! आणि मी काय केलं? मला लाज वाटली. चव्वेचाळीस माणसं बघताहेत आणि गाणं अडकलंय, त्याची लाज. मी गिटारवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणालो, "माफ करा मंडळी, आमच्या बाईसाहेबांना आज जरा जास्त झालेली दिसतेय!"

हसले. सगळे खो-खो हसले. चांगली माणसं आहेत गं ती, माझा विनोद म्हणून हसली. पण एनिडने जन्मात दारूला हात लावला नव्हता. बाप पिऊन पिऊन मेला तिचा — हे मला माहीत, आणखी कुणाला नाही. ती खाली बसली. शेवटपर्यंत बसून राहिली, बाकीच्या गाणाऱ्यांना टाळ्या वाजवत. घरी जाताना गाडीत एवढंच म्हणाली, "ऑल्विन, तुला ओळ येत होती." बस. भांडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा गायली नाही. मी म्हणायचो, चल की, एकच गाणं — तर म्हणायची, घसा बसलाय. जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वर्षभर तरी आत आत चालला असेल. म्हणजे त्या गुरुवारी तिला कळत होतं. काहीतरी हातातून निसटतंय हे तिला कळत होतं, आणि खोलीभर माणसांत तिने एकट्या माझ्याकडे बघितलं.

रोज जातो मी. ओळखत नाही मला. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजते, नळ चांगलाय म्हणते. गेल्या रविवारी गिटार घेऊन गेलो — लोक सांगतात ना, गाणं राहतं म्हणून, सगळं गेलं तरी गाणं राहतं. सुरू केलं. आणि गायली गं! पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, सुरात, अगदी शब्दन् शब्द. आणि थांबली. या वेळी मी ओळ सांगितली. कानाशी वाकून, हळूच. पुन्हा सांगितली. तिने तारांवर हात ठेवला, गिटार बंद केली, आणि मला म्हणते — मला, नळवाल्याला — "नको हो. लोक हसतात."

नवऱ्याचं नाव गेलं, मुलीचं गेलं, हे गाव गेलं. आणि ते तेवढं राहिलं.

अगं, तू कशाला रडतेस? डोळे पूस, घसा बसेल अशाने. मी पण बघ, काय घेऊन बसलो — कोण आलं? डोरीन? ये, ये, उघडंच आहे. काही नाही, ही लीड्सची पोरगी, आज गाणार आहे, तिला खोली दाखवत होतो. जा पोरी, तू खाली जा, गरम काहीतरी पिऊन ये. जा म्हटलं ना.