दीपमालाचं माप

नाही ताई, ब्लाउज शिवाले नाही आल्या तुमी. बसा, बसा, उठू नका — मी काही रागानं नाही बोलून राह्यली. पण तीस वर्षं झाले मले ह्या मशीनवर. शिवाले आलेली बाई पहिले गळा कसा टाकाचा ते बोलते, मंग कधी देता म्हणते, अन् तुमी आल्यापासून भिंतीवरचा आमच्या मालकाचा फोटो पाहून राह्यल्या. अन् हे कापड — ह्याची घडीबी मोडली नाही अजून. बस स्टँडसमोरच्या दुकानातून आताच घेतलं ना? साडी कुठं हाये ह्याची? साडी नसताना नुसतं पांढरं ब्लाउजपीस घेऊन कोण येते? पाणी घ्या. माठातलं हाये, गाळलेलं हाये, घ्या.

मले मंगळवारपासून वाटून राह्यलं होतं, कोणीतरी येईन. मंगळवार म्हणजे रोजच्यासारखाच दिवस — पाणी भरलं, शटर वर केलं, दोन जुन्या ब्लाउजच्या बाजू उसवल्या. नवीन कोणी शिवत नाही आता. कापसाचे हे असे हाल, तर बाया जुनंच घेऊन येतात — मावशी, अर्धा इंच सैल करून द्या, मावशी, काखेत ठिगळ लावून द्या. तर मी हूक लावत बसलती, अन् बाजूचा बाबुलाल, एसटीडीवाला, ओरडला — मावशी, नागपूरचा फोन! गेली. दीपमाला होती. माझी पोरगी, एकच हाये, नागपूरले विम्याच्या हापिसात कंप्युटरवर बसते. म्हणाली, आई, मी दवाखान्यात नाव लिवलं, छातीचं आपरेशन करून घेते. आता बाबुलालचं बूथ केवढं, बाहेर दोघंजण उभे — मी म्हटलं, जेवली काय? ती म्हणाली, आई, आयकलं काय मी काय म्हटलं ते? मी म्हटलं, इकडं ऊन गंज हाये, खूप हाये. अन् ठेवून देला. येऊन उरलेले हूक लावले. उलटे लावले सगळे, संध्याकाळी पुन्हा उसवले.

तर तुमी दवाखान्याच्या. हो की नाही? पहिले मले वाटलं पोराकडच्या असान. हासू नका, तसंच करतात इकडं — पोरगी पाहाले येण्याच्या आधी पोराची मावशी नाहीतर आत्या टेलरकडं येते. कापड घेऊन येते, अशीच बसते, अशीच पाणी पिते, अन् हळूच विचारते — अमक्याची पोरगी तुमच्याचकडं शिवते ना? अंगानं कशी हाये? काही डागबीग? अख्ख्या गल्लीतल्या पोरींचं अंग ह्या वहीत हाये, ताई. पण मी तीस वर्षात कोणाचं सांगतलं नाही. एकीचंबी नाही. ही वही पाहा — ज्या बाईची एक बाजू कमी असते तिच्या नावापुढं मी टिंब देते. मले समजाले, की त्या बाजूचा टक वेगळा घ्याचा, अस्तर दुहेरी टाकाचं. दुसऱ्याले काय समजते? अर्ध्या यवतमाळच्या नावापुढं टिंब हाये. वकिलीणबाईले हाये, नगरसेविकेले हाये. त्याहिले सोताले माहीत नाही. ब्लाउज बसला म्हणजे झालं, म्हणतात मावशीच्या हाताले गुण हाये.

दवाखान्याची बाई घरी येते कायले पण? पेशंटनं दवाखान्यात जावं, दवाखाना कधी पेशंटच्या आईकडं येते? ... शिबिर? हॉटेलात? मोतीबिंदूचं शिबिर आयकलं होतं बाई, नसबंदीचं आयकलं होतं, ह्याचं शिबिर! अन् बाया येतात? यवतमाळच्या? ... येत असान. नाव नका सांगू, मीच वहीत पाहून सांगन कोण कोण आलं ते.

आणा तो कागद. पाहते. चश्मा कुठं गेला — हां. तीन तऱ्हेचे आपरेशन हाये म्हणता. पहिलं, पिशवी बसवाची. सिलीकॉन म्हणजे काय? रबरासारखं? बरं. कातडीच्या खालून की मांसाच्या? ... मांसाच्या. म्हणजे अस्तराच्या आत पॅड. ते तर मीबी करते! फरक एवढाच, की माझं रातच्याले काढता येते. मंग ते सरकते की नाही? पॅड सरकते, ताई, चारी बाजूंनी टाका घालूनबी सरकते, हे मी तुमाले सांगते, तुमी मले नका सांगू. अन् किती वर्षं टिकते? ... पाहा! विचारलं तेव्हा सांगतलं, बदलावं लागू शकते म्हणून. कागदावर का नाही लिवलं? कागदावरच्या फोटोत तर बाई हासून राह्यली.

दुसरं, पाठीचं मांस फिरवून पुढं आणाचं. हे समजलं मले. पाठीतून कापड काढाचं अन् पुढच्या भागाले जोडाचं. जमते, कापड एकच असते, रंग जुळते. पण पाठीवर शिलाई येईन ना मोठी? अन् पाठ कमजोर होते त्यानं. दिवसभर खुर्चीवर बसाची नोकरी हाये तिची, पाठीचं कापड काढून घेतलं तर बसन कशी? तिसरं, चांगली बाजू कमी करून बारीकच्या बराबर कराची. हे ज्यानं लिवलं ना, त्याले घेऊन या माझ्यापुढं. एक बाही आखूड झाली म्हणून कोणी दुसरी कापते काय? करतात लोक, शिकाऊ टेलर करतात, अन् मंग गिऱ्हाईकाचा पोलकाबी जाते अन् बाहीबी जाते. उद्या लग्न झालं, लेकरू झालं, तर त्या बाजूले दूध येईन काय? ... सांगता येत नाही. हेच, हेच पायजे होतं मले तुमच्या तोंडून.

अन् हे खाली काय — पोटाचं? कंबरेचं? तिनं मांगतलं काय पोटाचं? तिची कंबर मुंगीसारखी हाये! ... सगळ्याहिच्याच कागदावर छापलेलं असते. असंन. एका ब्लाउजसाठी आलेल्या बाईले मीबी म्हणते, परकरबी शिवून घ्या.

तुमी कायले हासता? मी हासाले नाही सांगून राह्यली.

हे पाहा, तिले काही कमी नाही. एक बाजू जराशी — जराशी बसली नाही, एवढंच. तेराव्या वर्षी मले समजलं. आंघोळीले पाणी देत होती, अन् पाहिलं. बाकीच्या पोरींचं असते मागंपुढं, वर्षभरानं बराबर होते, मी गंज पाह्यल्या — म्हटलं होईन. नाही झालं. मंग मी पॅड शिवला. तुमच्यासारखं रबर नाही, ताई, कापूस. हे आमचे मालक, नागोराव, लोहाऱ्याच्या जिनिंगमधी होते, कापसातून सरकी काढतात तिथं. दोन बोटात रुईचा पेळू ओढून सांगाचे, हा किती लांब धाग्याचा. त्याहिले मी म्हटलं, मले एक मूठ रुई पायजे, लांब धाग्याची, गोळे न होणारी. त्याहिनं कायले म्हणून विचारलं नाही. डब्याच्या पिशवीत आणून देली. मंग दर हंगामात एक मूठ. एक दिवस सोताच म्हणाले — नुसत्या रुईनं वजन भरत नसंन, थोडी सरकी टाकून पाय. बस, एवढंच. तेव्हा मले समजलं, की त्याहिले माहीत हाये. मी सरकी टाकली, आठ दाणे. वजन भरलं. पोरगी खो-खो खेळली त्यावर, कॉलेजले गेली. तीन वर्षं झाले त्याहिले जाऊन, जिनिंगचं फाटकबी आता चार महिनेच उघडते. शेवटची मूठ डब्यात हाये तिथं, त्या बॉबिनच्या डब्याच्या मागं. हात नका लावू. असू द्या.

मंग रोशनचं जमलं. वणीचा पोरगा, शाळेत शिकवते, चांगला होता. आमच्यात साक्षगंधाले, म्हणजे साखरपुड्याले, अन् लग्नालेबी नवरीले पांढरी साडी असते, माहीत असंन, पांढरंच ब्लाउज — अन् पांढरं कापड काही लपवत नाही, ताई. मी साक्षगंधाचा ब्लाउज चारदा उसवला. विहारात ती उभी राह्यली त्रिशरण घ्याले, अन् मी पोरीच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही, शिलाईकडं पाहत होती. बसला होता. कोणाच्या बापाले समजलं नसतं. अन् दीड महिन्यानं मोडलं. कोणीतरी सांगतलं. दोन वर्षं मी पाहून राह्यली, कोणी सांगतलं असंन — बांगड्यावाली तर नसंन? ती घरात येते, मोरीकडून जाते. मागच्या घरची वहिनी तर नसंन? बाबुलाल तर नसंन? तो फोन आयकते लोकाहिचे. तिघांशीबी मी बोलत नाही सरळ.

काय म्हणाली ती? तुमाले काय म्हणाली? ... नाही, खरं सांगा, दीपमाला काय म्हणाली — कोणी सांगतलं म्हणून?

बरं. म्हणजे तुमाले माहीत हाये.

तिनंच सांगतलं. रोशनले. साक्षगंध झाल्यावर पंधरा दिवसांनी, बस स्टँडवर उभं राहून सांगतलं, अन् तो म्हणाला, ठीक हाये. आपल्या आईले त्यानं सांगतलं, कारण घरात लपवाचं नाही म्हणे. मंग ती आई आली माझ्याकडं, शकुबाई. एकटी आली. तुमी बसल्या तिथंच बसली. तीबी कापड घेऊन आलती. म्हणाली, तुळसाबाई, पोरीच्या अंगात काही कमी असंन तर मले सांगून टाका, आपल्या दोघीतच राहीन, सून करून घ्याले मले काही अडचण नाही. असंच म्हणाली, शब्दाले शब्द. अन् मी काय केलं — मी ही वही काढली. हे पाहा पान. दीपमाला नागोराव, छाती चौतीस, कंबर, मुंढा, सगळं. अन् टिंब नाही. टिंबाचं मीच तिले समजावून सांगतलं, बाकीच्या बायांचे टिंब दाखवले, वकिलीणबाईचं दाखवलं — म्हटलं पाहा, ह्याहिले हाये, माझ्या पोरीले नाही. शकुबाईनं वही मिटली. पाणी प्याली. कापड घडी करून पिशवीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी निरोप, पोरीबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण आम्ही मोकळं विचारलं अन् पोरीच्या आईनं वही काढून खोटं दाखवलं, तिथं आमचं मन बसत नाही.

शकुबाई येते म्हणून निरोप आलता, पान मी आदल्या रात्री लिवलं होतं. शाईच पाहा ना, बाकीची कशी फिकी पडली अन् ही कशी निळी हाये.

दीपमालानं निरोप आयकला. पिशवी भरली, नागपूरले गेली. मीच म्हणत राह्यली, कोणीतरी सांगतलं, कोणीतरी सांगतलं. ती आयकून घ्याची.

काय? कागद पलटू? मागून कायले, सही पायजे असंन, मले माहीत होतं, शेवटी सहीवरच येईन. मी सही नाही — हे तर तिचं अक्षर हाये.

थांबा. चश्मा पुसू द्या.

“आई, ह्या तीनमधला कोणता बरा ते तू सांग. डॉक्टर म्हणते माझं मी ठरवावं, पण कापड तुले समजते. तू म्हणशील तो करीन, नको म्हणशील तर तेबी सांग. अन् हे पांढरं ब्लाउजपीस तुमसरच्या मैत्रिणीनं आणून देलं, नंतरसाठी शिवून ठेव. फोनवर बोलू नको, बाबुलाल आयकते.”

हे कापड तिनं देलं. तुमी घेतलं नाही बस स्टँडवरून. बोलल्या काहून नाही? ... मीच बोलू देलं नाही. हो.

चांगलं हाये कापड. सुती हाये, धुतल्यावर आकसन, पहिले भिजू घालावं लागन.

कोणता म्हणून सांगू मी, ताई? पिशवी टाकाची तर केवढी? मांस फिरवाचं तर किती? दुसरी बाजू किती भारी हाये हिच्यापेक्षा — बोटभर, दोन बोटं? मापाशिवाय कापडाले कोणी कैची लावते काय? कोणत्याबी बाईनं विचारलं असतं तर मी उभं केलं असतं, हात वर करा म्हटलं असतं, दोन मिनिटात सांगतलं असतं. चौतीस मी मनानं लिवलं. पॅडबी अंदाजानंच शिवला दरवेळी, ब्लाउजबी अंदाजानं, वरूनच पाहून. टेप लावला असता तर पाहावं लागलं असतं.

तुमी जा आता. साडेचारची गाडी हाये नागपूरची, ती भरून जाते. कागद राहू द्या. कापड राहू द्या. नाही, काही सांगू नका तिले, शटरखालून वाकून जा, पदर अटकते तिथं खिळ्याले.

तेराव्या वर्षापासून मी तिचं माप घेतलं नाही.