दुधी बल्ब

—नाही हो ताई, तो दिवा सोडून कुठलाही घ्या! हा बांबूचा बघा, तो कागदी बघा — सगळे इथल्याच कारागिरांनी हातानं केलेले, एकासारखा दुसरा मिळायचा नाही. तांब्याचाच हवा? अहो, तो विकायचा — म्हणजे विकायचाच आहे, पण तो शेजारच्या तांबटांनी घडवलाय. ते पत्र्याला भोकं पाडणार, मी वायर ओढून बल्ब बसवणार, असं आमचं दोघांचं दुकान — दोघांचं कसलं, माझं! तर ते रोज सकाळी डोकावतात. "विकला नाही ना?" विचारतात. मी "नाही" म्हटलं की खूश होऊन जातात. असा धंदा असतो का कुठे? पण हा गेला की मग विचारायला कशाला येतील? हसू नका हो. आत्ताच येऊन गेले, तेव्हापासून मलाही उगीच हसू येतंय. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, त्यांचंही राहिलं. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणते, माझ्याच तोंडातून ते दादा निघत नाही — जाऊ दे, तुम्ही दिव्याचं बोला.

लावून दाखवू? हा बघा, कसा मऊ उजेड! नक्षी? भिंतीवर नाही पडत नक्षी. मी सगळीकडे दुधी बल्बच लावते, डोळ्यांना त्रास नको. त्यांचाही धोशा, एकदा साध्या काचेचा लावून बघा. मी म्हटलं, तांबं तुमचं, उजेड माझा, मला शिकवू नका! आता तुम्हीही तेच? बरं बाई. धरा जरा शेड, बल्ब बदलते — हं, दाबा बटण—

अगंबाई! भिंतीवर बघा, बाई काढलीय की! टिंबाटिंबानं सगळा चेहरा — केवढं कष्टाचं काम, आणि मुखदुर्बळ माणूस एका शब्दानं बोलला नाही! नाक मात्र नकटंच हं तिचं. चष्मा कपाळावर. अंबाड्यात काय खोचलंय, पेन्सिल? दुकानात अशी कोण अवतार करून — थांबा. माझ्या अंबाड्यात — आहे. आहेच की हो! अहो ताई, ही मी आहे! आणि मी वेडी इतके दिवस दुधी बल्ब लावून बसले!

किंमत कसली विचारताय? सोडा तो दिवा. सोडा म्हणते ना! दुकान बंद. या वयात पळू नये? मग कधी पळायचं? सरका हो बाजूला, मला शेजारी जायचंय!