रेकॉर्डर बंद केल्यावर

मावशींची दाढ ठणकत होती, पण कान मोकळेच होते. दाताच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत त्या मासिक चाळत राहिल्या आणि शेजारच्या दोन मुलींचं बोलणं ऐकत राहिल्या.

“पत्रकारितेत एम. ए. करतेस आणि मुलाखत घेण्यातच काठावर पास?”

“सर म्हणाले, घरातल्या माणसाची घ्या, तीच सगळ्यात अवघड. मी आईची घेतली.”

“मग?”

“तासभर नुसते भाज्यांचे भाव आणि माझी तब्येत. रेकॉर्डर बंद केला, तेव्हा कुठे बोलायला लागली. मी लहान असताना एकदा ती बॅग भरून घरातून निघाली होती. दुपारभर बसस्टँडवर बसली आणि दिवेलागणीला परत आली. घरात कुणाला पत्ताच नाही.”

“बाई गं.”

“वर म्हणाली, हे लिहू नकोस हं.”

“लिहिलंस?”

“नाही. शब्द दिला होता. सर म्हणाले, लेख पाणचट झालाय.”

“सरांचं सोड. आईने वाचला?”

“चष्मा लावून, दोनदा.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, छान लिहिलंयस गं. पण ही बाई कोण?”