स्क्रूवरची पांढरी टेप

अप्पा : आवाज खाली करा म्हणून मला सांगू नका! माझ्या मुलीचा हात मोडलाय. उजवा. ज्या हातानं ती घरोघरी जाऊन लोकांना इंजेक्शनं देते, तो हात!

मिस्त्री : मी एवढंच म्हणालो, सायकल आधी स्टँडला लावू द्या. न बघता काय बोलू?

अप्पा : बघायचंय काय त्यात? सोमवारी तुम्ही पुढच्या ब्रेकचं काम केलंत, गुरुवारी ब्रेक लागला नाही. एवढा हिशेब शेंबडं पोरही करेल.

नर्स : अप्पा, मला बोलू द्या जरा. मिस्त्री, दवाखान्याकडून खाली येणारा तो उतार आहे ना, त्याच्या वळणावर झालं. समोर एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. मी पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकला. काही लागलंच नाही. मागच्या ब्रेकनं थोडा वेग उतरला, मग मी सायकल भिंतीवर घातली. आजोबांवर घातली नाही, एवढंच.

मिस्त्री : सोमवारी तो लिव्हर कडक होता. तुम्ही इथेच उभं राहून दाबून बघितलात.

नर्स : होता. म्हणून तर विचारायला आलेय. तीन दिवसांत असं काय झालं?

अप्पा : काय व्हायचंय? काम कच्चं!

मिस्त्री : अहो, वीस वर्षं हेच करतोय मी. आणि काल तुमच्या ऑफिसचा फोन आला. सगळ्या नर्सबाईंच्या अकराच्या अकरा सायकलींचं काम म्हणे माझ्याकडून काढून घेणार. 'तक्रार आलीय.' मला एका शब्दानं विचारलं नाही कोणी. आधी फाशी, मग खटला! आणि आता ओरडायला पण माझ्याच दुकानात आलात?

नर्स : अर्ज माझ्या नावानं गेलाय. माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून अप्पांनी लिहिला.

अप्पा : लिहिला, आणि चांगला ठणकावून लिहिला! तो तुमचा ब्लीड स्क्रू गळत होता. मी डोळ्यांनी बघितलंय.

मिस्त्री : कधी बघितलंत?

अप्पा : मंगळवारी.

मिस्त्री : ब्रेक गेला गुरुवारी.

अप्पा : मग? मंगळवारी गळत होता म्हणूनच गुरुवारी गेला ना!

मिस्त्री : थांबा. ही रबरी टोपी काढतो... ताई, इकडे या. हे बघा. हा ब्रेक तारेवर नाही, ऑइलवर चालतो. त्याच्या या भागाला कॅलिपर म्हणतात. हा बारीक ब्लीड स्क्रू सैल करून मी ऑइल भरतो आणि आतली हवा काढतो. आता सांगा, याच्या आट्यांवर ही पांढरी टेप कोणी गुंडाळली?

नर्स : टेप?

अप्पा : मी गुंडाळली. त्यात काय? कोणीतरी नीट करायला नको? अडतीस वर्षं नळांची कामं केलीत मी. दवाखान्याच्या अख्ख्या इमारतीत माझं पायपिंग आहे. एक सांधा गळलेला दाखवा, मिशी उतरवून ठेवीन.

नर्स : अप्पा, तुम्ही माझा ब्रेक उघडलात?

अप्पा : तुझ्यासाठीच उघडला ना! ओलं दिसलं. काढला, नळाच्या टेपचे चार वेढे दिले, कचकचून आवळला. थेंब थांबला की नाही विचार यांना.

मिस्त्री : चिमटीएवढ्या पान्यानं, नुसत्या बोटांच्या जोरानं आवळायचा स्क्रू हा. त्यावर नळाचा पाना चालवलात? आटे शाबूत राहिले हेच नशीब.

अप्पा : आटे आम्हाला शिकवू नका!

मिस्त्री : शिकवतो. आज शिकवतोच. नळात आटे पाणी अडवतात, कबूल. इथे आटे काहीसुद्धा अडवत नाहीत. हे टोक बघा, निमुळतं. हे आत जाऊन बसतं तेव्हा भोक बंद होतं. आट्यांचं काम टोकाला पुढे ढकलायचं, बास. तुमच्या टेपचा तुकडा टोकाखाली गेलाय. हा, चिमट्यात आला बघा. टोक बसलंच नाही. आणि स्क्रू पूर्ण बाहेर काढलात ना, तेव्हाच ऑइल बाहेर आलं आणि हवा आत शिरली.

अप्पा : मग ओलं का होतं?

मिस्त्री : काम झाल्यावर टोपीखाली थेंबभर ऑइल राहतं. पुसलं तरी भोकात उरतं. दोन दिवस ओलसर दिसतं, मग जातं. हे सोमवारी ताईंना सांगायला हवं होतं, ते राहिलं. तेवढं माझ्याकडे लागलं, मी नाही म्हणत नाही.

अप्पा : वा! चोराच्या उलट्या बोंबा. तोंडानं काय, कोणीही काहीही सांगेल. हवा आहे म्हणता ना? दाखवा की हवा!

मिस्त्री : दाखवतो. टेप काढून स्क्रू परत बसवला, ही पारदर्शक नळी त्याला लावली. दुसरं टोक या बाटलीत. या कामाला तसेही दोघं लागतात. तुम्ही लिव्हर दाबून धरा. मी स्क्रू सोडेन, परत बंद करेन. मी 'हं' म्हणेपर्यंत लिव्हर सोडायचा नाही.

अप्पा : मला माहितेय.

मिस्त्री : तुम्हाला माहीत नाहीये. दाबा... धरा... हं. परत दाबा. ताई, नळीत बघा.

नर्स : बुडबुडे.

मिस्त्री : अजून एकदा. दाबा... धरा...

नर्स : केवढी हवा आहे ही! अप्पा, सलाइनच्या नळीत याच्या पाव हवा दिसली तरी मी ती पेशंटच्या हाताला लावत नाही.

मिस्त्री : ऑइल दाबलं की दबत नाही, ते पॅडला पुढे ढकलतं. हवा नुसती दबते. लिव्हर मऊ लागतो तो त्यामुळे. दोन-तीनदा झटपट दाबला तर तेवढ्यापुरता कडक येतो, आणि माणसाला वाटतं झालं ठीक.

नर्स : बुधवारी सकाळी...

अप्पा : अगं, ते राहू दे आता.

नर्स : नाही राहू देणार. बुधवारी सकाळी मी तुम्हाला विचारलं, अप्पा, लिव्हर असा मऊ का लागतोय? तुम्ही चहा पीत होतात. मान वर न करता म्हणालात, दोनदा दाब, येतो कडक.

अप्पा : येत होता की.

नर्स : वळणावर दोनदा दाबायला वेळ नव्हता, अप्पा! टेप लावलीय एवढं सांगितलं असतंत, तर मी त्याच पावली इथे आले असते. तुम्ही सांगितलं नाहीत. वर यांच्या नावानं अर्ज लिहिलात, आणि मी तो न वाचता डाव्या हातानं सही करून दिला! त्या आजोबांच्या जागी कोणी लहान मूल असतं तर?

अप्पा : मला वाटलं, मी केलेलं काम गळत नाही. अडतीस वर्षं गळलं नव्हतं.

मिस्त्री : गळलं नाहीच. हवा घेतली त्यानं.

नर्स : मिस्त्री, कागद आहे का? आणि पेन?

अप्पा : इथेच? घरी जाऊन शांतपणे लिहू ना.

नर्स : पहिला अर्ज अपघाताच्या संध्याकाळीच लिहिलात. तेव्हा कुठे शांतपणा लागला?

अप्पा : बरं. 'सविनय कळवण्यात येते की, आमच्या आधीच्या अर्जात काही गैरसमज...'

नर्स : गैरसमज नाही.

अप्पा : अगं, अर्जात असंच लिहायची पद्धत असते.

मिस्त्री : माझ्याबद्दल काय लिहिलं होतंत?

अप्पा : आता आठवत नाही नेमकं.

मिस्त्री : मला आठवतं. ऑफिसच्या साहेबांनी फोनवर वाचून दाखवलं. 'अक्षम्य निष्काळजीपणा.'

अप्पा : ...हो. तसंच होतं.

मिस्त्री : मग शब्द तयार आहे. नवा शोधत बसू नका.

अप्पा : 'स्क्रूला टेप लावली ती मी. मिस्त्रींचं काम चोख होतं. निष्काळजीपणा... माझा.' अक्षम्य पण लिहू?

मिस्त्री : ते तुमचं तुम्ही ठरवा. मला माझ्या अकरा सायकली परत हव्यात.

नर्स : आणि हा अर्ज मी नेणार नाही. सोमवारी ऑफिस उघडलं की तुम्ही जायचं, साहेबांच्या हातात द्यायचा.

अप्पा : जाईन. सही केलीय बघ... अगं, इकडे बस ना, उभी का? हात दुखतोय का गं?

नर्स : दुखतोय, अप्पा. खूप दुखतोय.