मापावरची धार

हं, मागची मंडळी, सरका जरा पुढं! सतरंजी काही चावत नाही. बसलात? मग एक सांगा मला. देणं हे पुण्य — मान्य? मान्य! मग जास्त देणं हे जास्त पुण्य — असं आहे का हो? बघा, सगळ्यांनी माना डोलावल्या! खांबाजवळचे काका, तुम्ही तर सगळ्यात जोरात! थांबा काका. औशाच्या विरूपाक्षअप्पानंही अशीच डोलावली होती. त्याचं काय झालं, ते ऐका.

औसा म्हणजे लातूरजवळचं. तिथं अप्पाच्या बापाचा तेलाचा घाणा. बाप मोठा सज्जन! गिऱ्हाइकाला माप काठोकाठ भरून द्यायचा, आणि भरलं की वर एक धार सोडायचा. पोराला सांगायचा, "बाळा, माप भरलं म्हणून हात आखडायचा नाही." पोरानं ते काळजात कोरून ठेवलं.

बाप गेला, घाणा बंद पडला, अप्पा पन्नाशीला आला. आणि दुकान कशाचं टाकलं? प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून द्यायचं! हसता काय? तुमची नातवंडं रंगीत प्रोजेक्ट छापतात ना घरी? त्या प्रिंटरच्या पोटात शाईची डबी असते, तीच ही. लातूरची रुखसानाबी या कामात मुरलेली बाई. तिच्याकडं अप्पा शिकला. तिनं डबी फोडून दाखवली — आत स्पंज, तळाला केसाहून बारीक भोकं. वरून सुई घालायची, शाई हळूहळू सोडायची. आणि डबी भरली, की सिरिंजवरच्या दोन रेघांएवढी शाई परत मागं ओढून घ्यायची!

"मागं?" अप्पाचे डोळे मोठे. "दिलेली मागं घ्यायची?"

"हां अप्पा. स्पंज थोडा भुकेला राह्यला पाहिजे. मग तो शाईला आत ओढून धरतो, खालनं गळू देत नाही. मशीन मागंल तेव्हाच थेंब सोडतो. लई ओढलं तर छपाईत पांढऱ्या रेषा येतात. काहीच नाही ओढलं, तर सगळं खाली!"

अप्पानं मान हलवली, आणि मनात काय म्हणाला? 'बाई चिक्कू दिसते!' अहो, घाण्याच्या पोराला हे पटावं कसं? औशाला आला, दुकान मांडलं, आणि प्रत्येक डबीत काठोकाठ शाई — वर बापाच्या नावानं एक धार! कुणी म्हणालं, "अप्पा, कागद बरबटतोय," तर अप्पा म्हणायचा, "कागदच हलका असंल."

आता या गोष्टीत रंगनाथमास्तर येतात. शाळेतनं निवृत्त. घरी अनसूयाबाई, त्यांची नजर पार मंदावलेली. लेक वैजयंती माहेरी बाळंत झालेली, आणि रविवारी नातीचं बारसं! अनसूयाबाईंच्या आईनं स्वतः रचून, स्वतःच्या हातानं लिहिलेली पाळण्यांची वही होती. बारा पाळणे. आई तर केव्हाच गेलेली. मागं राहिली ती ही वही. नातीला पाळण्यात घालताना ते पाळणे म्हणायचे, एवढीच बाईंची हौस. पण अक्षर दिसेना! मास्तर म्हणाले, "मी टाइप करतो, मोठ्ठ्या अक्षरांत छापून देतो." सात पाळणे टाइप झाले, आणि छापायला घेतले तर शाई संपलेली.

गुरुवारी मास्तर डबी भरायला आले, वहीही पिशवीत घेऊन. का? एक शब्द अडला होता. "अप्पा, आठव्या पाळण्यात 'लाट' आहे. समुद्राची म्हणावी, तर औशाला कुठला समुद्र?"

अप्पाचा चेहरा उजळला! "मास्तर, घाण्याचं ते लांब लाकूड, ज्याला बैल जुंपतो, ती लाट! माझा बाप त्यावर बसवून फिरवायचा मला." इतका खूश झाला, की त्या डबीत एक सोडून दोन धारा घातल्या. प्रेमानं हो! आणि ती डबी वहीशेजारी, पिशवीत ठेवली.

शुक्रवारी सकाळी मास्तर दारात. हातात वही, तिची पानं काळीठिक्कर! टाइप व्हायचे पाचही पाळणे शाईत बुडाले होते. माणूस रागावला? नाही! उलट म्हणाला, "चूक माझीच. डबी पिशवीत आडवी झाली असणार."

मंडळी, सुटला की नाही अप्पा? गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्याची नजर फळीवर गेली. भरून ठेवलेल्या डब्या, प्रत्येकीखाली कागद, आणि प्रत्येक कागदावर काळं तळं. एकही डबी आडवी नव्हती! अप्पानं त्यातला एक कागद उचलून मास्तरांपुढं धरला. "मास्तर," तो म्हणाला, "पिशवीचा काय दोष? मला शिकवलेलं होतं, मी ऐकलं नाही. तुमची वही मी बुडवली."

तसाच मास्तरांच्या घरी गेला, अनसूयाबाईंच्या पाया पडला. बाई वहीवरनं नुसता हात फिरवत राहिल्या. बोटं काळी झाली, तरी फिरवत राहिल्या. अप्पाला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तरांनी मात्र कागद-पेन काढलं. शाळामास्तर ते! "आठव! नववा पाळणा! 'चौथ्या दिवशी' — पुढं? पुढं काय? आठव ना!"

बाईंचे डोळे भरले. "अहो, तुम्ही असं विचारलंत की होतं तेही जातंय!"

आणि अप्पाला रुखसानाबी आठवली. दाबून काही येत नाही! त्यानं मास्तरांच्या हातातलं पेन घेतलं. "मास्तर, दोन रेघा मागं. चला, ओट्यावर बसू."

आत बाई एकट्या. बाळाची कुंची हातात, तिच्या कडेवरनं बोट फिरतंय. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मास्तर उठायला लागले, अप्पानं धोतर धरून बसवलं! आणि मग आतनं हळूच —

*दाराशी घाणा, फिरतसे लाट,*
*बाळाच्या मामाची पाहतसे वाट...*

अप्पा पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहीत गेला. थेंब थेंब करत दोन दिवसांत चार पाळणे पुरे आले. पण या लाटेच्या पाळण्याचं शेवटचं कडवं काही आलं नाही.

रविवार! कागद छापले त्या अप्पाच्याच शाईनं. पण या वेळी दोन रेघा मागं घेतलेल्या. एक डाग नाही! बाई म्हणत गेल्या, पाळणा हलत गेला, आणि लाटेपाशी येऊन सूर थांबला. पुढं कोरा कागद. मास्तरांचे ओठ हलले, अप्पाकडं बघून त्यांनी ते मिटले. आणि पाळण्याची दोरी धरलेली वैजयंती, खाली मान घालून —

*थांबली लाट, विसावला बैल,*
*बाळाला आता नीजही येईल...*

"अगं! तुला कसं येतं?" अनसूयाबाईंचा आवाज फुटला.

"आजी मला म्हणायची, आई. मला येतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. तू थांबलीस, आणि आलं!"

म्हणून वही बुडाली ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही हं. आजीचं अक्षर गेलं ते गेलंच. अप्पा ते अजून विसरलेला नाही. बापाचंही काही चुकलं नव्हतं, मंडळी. धार तेलाच्या मापाला शोभते. पण माणूस म्हणजे तेलाचं माप आहे का?

काका, आता डोलवा मान! तुम्ही घरी जाल. जेवताना लेक, सून, नातू, कुणीतरी काहीतरी सांगायला तोंड उघडेल आणि मध्येच अडकेल. तुमच्या जिभेवर सल्ला तयार असेल, काठोकाठ! तेव्हा एवढंच करा — घास चावत राहा. त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या.

मलाही अजून पुष्कळ सांगायचंय. पण पेटीवाले बुवा बघतायत माझ्याकडं. घ्या, दोन रेघा मागं घेतो. टाळ उचला मंडळी, आता नाम तुम्ही घ्या, मी ऐकतो.