सरकारी बिल्ला

आमच्या मोठेबाबांची अक्कल ऐका. मी कॉलेज सोडल्यापासून मला अडाणी म्हणायचा ठेका त्यांच्याकडंच आहे. परवा माझ्या पुतणीला गोवराची लस द्यायला नर्सबाई आल्या, तर हे दारातच आडवे. शेजारच्या गल्लीत गोवर निघालेला, वहिनी रडकुंडीला आलेली.

मी म्हटलं, “मोठेबाबा, मंग गोठ्यातल्या गोऱ्ह्याले लंपीची लस काऊन देली?”

“त्याच्या कानात सरकारी बिल्ला ठोकला न बे. काई झालं त सरकारले पकडता येते. पोरीच्या कानात ठोकते का कोणी?”

नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, “ठोकतो ना काकाजी. पण पयले घरातल्या मोठ्या माणसाच्या.”

दोन्ही कान झाकत म्हातारा मागच्या दारानं जो पळाला, तो पोरीला लस टोचून झाली तरी परतला नाही.