अल्बमवर नसलेलं नाव

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय शालिग्रामभाऊ, व्यासपीठावर विराजमान नगरसेविका उज्ज्वलाताई, सत्कारमूर्ती आणि माझे जिवलग मित्र सुपडू महाजन, सरलावहिनी, गोडादरा-लिंबायतहून वेळात वेळ काढून आलेले समाजबांधव, माता-भगिनी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले आपल्या सुरतचे नामांकित गिटारवादक चिरंजीव ललित, सर्वांना धर्मेंद्र पाटीलचा नमस्कार.

माझं उधन्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भाषणाची सवय नाही. मंडळाने बजावलंय, पाच मिनिटं बोल आणि गोड बोल. वेळ मी पाळीन. गोडाचं माझ्याकडून काही होईल असं वाटत नाही.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण हसत हसत म्हणालात की त्या राक्षसी गाण्यांनी सुपडूचे कान गेले. टाळ्यासुद्धा पडल्या. भाऊ, आपल्या वयाचा मान राखून विचारतो, सुपडूने ती गाणी वाजवली किती दिवस? चौदा महिने. आणि कापडाच्या पॉवरलूमच्या खात्यात बारा-बारा तास उभा राहिला किती वर्षं? सव्वीस. कानात घालायला कापसाचा बोळा तरी कुणी दिला होता का? डावा कान पूर्ण गेला, उजव्यात जरासं उरलंय, म्हणून तो सुरत सोडून आपल्या गावी, धरणगावला, परत चालला आहे. सव्वीस वर्षं ज्यांनी कान खाल्ले त्यांचं नाव आपण घेतलं नाहीत. गाण्याचं घेतलंत. असो.

इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही की सुपडूचा बँड होता. ‘मसणवट’ हे त्याचं नाव. सुपडू गिटार वाजवायचा आणि गायचा, मी ड्रमवर, आणखी एक गडी बेस गिटारवर, तो पुढे वापीला गेला. आम्ही डेथ मेटल वाजवायचो. माता-भगिनींसाठी सांगतो, यात गिटार फाटक्या आवाजात वाजते, ड्रम दोन्ही पायांनी पळतो, आणि माणूस पोटातून गुरगुरल्यासारखा गातो. आमचा तो गुरगुरायचा अहिराणीत. हसा, हसायला हरकत नाही. आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो.

हे वेड आलं कुठून? सुपडू दोन वर्षं हजीऱ्याच्या कारखान्यात कंत्राटावर होता. तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना त्याला सीडींची एक पिशवी देऊन गेला. काही बँड अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे, काही स्वीडनचे. सुपडूला इंग्रजी येत नव्हतं. पण त्याने नुसतं ऐकून ऐकून छडा लावला की कोण आधीचा, कोण नंतरचा, कुणी कुणाची चाल उचलून पुढे नेली. आम्हाला म्हणायचा, “आधी कोण होतं ते माहीत नसेल तर गिटारला हात लावू नका.”

दोन हजार सातला आम्ही अल्बम केला. नाव ‘दहावा’. सहा गाणी, एकतीस मिनिटं. लग्नाची आणि गरब्याची गाणी जिथे रेकॉर्ड व्हायची त्या उधन्याच्या स्टुडिओत चार दिवसांत उरकला. रेकॉर्डिंग करणारा काचेपलीकडून विचारायचा, “भाई, गळुं बराबर छे ने?” घसा ठीक आहे ना? त्या अल्बमच्या कागदावर सुपडूने काय छापलं, माहीत आहे? ज्यांच्याकडून शिकलो त्या अकरा बँडची नावं. कुठल्या गाण्यात कुणाकडून काय घेतलं तेसुद्धा. फ्लोरिडाहून गोडादऱ्यात कोण जाब विचारायला येणार होतं? तरी छापलं.

आता म्हणाल, मरणाची गाणी कशाला? भाऊ, आमच्या कापडाच्या लाइनीत मरण काय परदेशातून येत होतं? आमच्या खोलीत सुकदेव नावाचा पोरगा राहायचा, बावीस वर्षांचा. कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरच्या वाफेने भाजून गेला. मालकाने सांगितलं, त्याचीच चूक. पेपरात ओळही नाही. सुपडूने त्याच्यावर गाणं केलं. हेच गाणं आम्ही त्या वर्षी मंडळाच्या गणपतीपुढे, संध्याकाळी सातला, वाजवायला घेतलं.

शालिग्रामभाऊ, मान वर करा. त्या संध्याकाळी वायर तुम्ही काढलीत.

दीड मिनिटात काढलीत. सुपडू अंधारल्या स्टेजवर बिनआवाजाची गिटार धरून उभा होता, तेव्हा कुणीतरी त्याच्या कानशिलात मारली. सीडींचं खोकं रस्त्यावर ओतलं, वरून मोटारसायकल नेली. सैतानाची पूजा करतात म्हणे! मेलेल्या मित्राचं नाव घेणं ही सैतानाची पूजा? दुसऱ्या दिवशी सुपडूचे वडील मंडळाच्या खोलीत येऊन तुमच्या पाया पडले. आज वायर काढणाऱ्या त्याच हातांनी तुम्ही सुपडूला शाल घातलीत आणि तो हसला. मला नाही हसता आलं.

पण सगळा राग तुमच्यावर काढून मी सुटणार नाही. मंडळाकडे एक माफीनामा गेला होता. “पुन्हा असलं काही वाजवणार नाही.” खाली सुपडूची सही. ती सही त्याची नव्हती, माझी होती. माझं लग्न ठरत होतं, मला भानगड नको होती. मी त्याला न विचारता सही ठोकली आणि ड्रम विकून टाकले. त्याला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मन्हं नाव तू कसाले लिखं?” माझं नाव तू कशाला लिहिलंस? या गोष्टीला अठरा वर्षं झाली. वहिनी, तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय. मला माफ करा.

त्यानंतर सुपडू स्टेजवर चढला नाही. दोन हजार एकोणीसला ललित त्याच्या दारात आला. वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. कुठूनतरी ‘दहावा’ची एक वाचलेली सीडी त्याच्या हाती लागली होती. सुपडूने त्याला तीन वर्षं शिकवलं. रविवारी सकाळी, सरलावहिनींच्या हातचा चहा पीत. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या चालीसुद्धा त्याच्या हातात दिल्या.

गेल्या वर्षी ललितचा अल्बम आला. मी ऐकला. चांगला आहे, खोटं कशाला बोलू? मुंबई-बेंगळुरूच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मुलाखतींत विचारलं, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? उत्तर आलं फ्लोरिडा, स्वीडन. गोडादरा नाही.

सुपडूला ती गाणी नीट ऐकू आलीच नाहीत. मागच्या महिन्यात माझ्या दुकानात मी त्याला फोनवर व्हिडिओ दाखवला, शिष्याचं कौतुक म्हणून. तो ललितची बोटं बघत होता. बघता बघता त्याचा डावा हात टेबलावर हलायला लागला. तीच बोटं, त्याच जागा. मग हात थांबला. म्हणाला, “धरमा, हाई मन्हं शे.” हे माझं आहे.

गेल्या रविवारी मी त्याला घेऊन ललितच्या घरी गेलो. ललितने खुर्ची दिली, पाया पडला. मी विचारलं, नाव का नाही? तो म्हणाला, “काका, या संगीतात सगळेच मागच्यांकडून घेतात. सुपडूकाकांनी नाही का घेतलं?”

मी म्हटलं, “घेतलं. आणि अकरा नावं छापली.”

मग तो खाली बघत बोलला, “अल्बम काढणारे कंपनीवाले म्हणाले, बाहेरची नावं सांग. गोडादऱ्याचा लूमवाला म्हटलं तर कोण ऐकेल?”

सुपडूला ऐकू गेलं नाही. त्याने मला विचारलं, “काय म्हणाला?” मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, “सांग.” आणि मंडळी, ते वाक्य मला त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. एकदा नाही, तीनदा. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा त्याला कळलं.

मला वाटलं, हा आता म्हणेल, जाऊ दे. आपण सगळे त्याला साधा माणूस म्हणतो ना? तो उठला, चप्पल घातली आणि दारातून ललितला म्हणाला, “माले बी नाव पाहिजे.” मलाही नाव हवं आहे. आयुष्यात त्याने कुणाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आज सकाळी मी नेटवर पाहिलं. ललितने अल्बमच्या माहितीत बदल केलाय. एक ओळ घातली आहे, “विशेष आभार, सुपडूकाका.” आभार? चहा पाजल्याचे? ललित, तिसरं आणि पाचवं गाणं ज्याच्या बोटांतून आलं त्याला आभार मानून वाटेला लावतोस? तिथे ‘रचना’ लिहितात. आणि काका तो तुझा. जगासाठी तो सुपडू महाजन आहे, बँड मसणवट, गोडादरा, सुरत. तू चोर आहेस असं मी म्हणत नाही. तू घाबरलास. घाबरून दुसऱ्याच्या नावाचं काय होतं, हे या सभागृहात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मंडळी, सुपडूकडे बघा. तो माझ्याकडे पाहून मान डोलावतो आहे. माझं एक अक्षरही त्याला पोहोचलेलं नाही. मी त्याची स्तुती करतोय असं त्याला वाटतंय. म्हणून त्याच्या नावाबद्दल जे सांगायचं ते मी सांगून उपयोग नाही. ललित, तू वर ये. माइक घेऊ नकोस. त्याच्या उजव्या बाजूला बस आणि काय छापणार आहेस ते त्याला स्वतः सांग. हळू सांगशील तर त्याला कळणार नाही. आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांगावं लागेल.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. अध्यक्ष महोदय, शब्द कडू गेले असतील तर लहान समजून पोटात घाला. शब्द मात्र मागे घेत नाही. वेळही पाच मिनिटांच्या वर गेली, तेवढी चूक कबूल.

ललित उठला आहे. मधल्या खुर्च्या जरा सरकवा, त्याला वाट द्या.